अष्टकोनी बिल्ल्याची मोटार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे योगायोगाने एकाच मोटारीभोवती फिरणारी निघाली. त्यामुळे इतर पत्रांची क्षमा मागून संपूर्ण सदर या मोटारीला दिले आहे.

प्रश्न : माझे आजोबा सोलापुरातील एका कापड गिरणीत इंजिन खात्यात फिटर होते. त्यांच्या ट्रंकेत नुकतेच एक छायाचित्र सापडले. त्यात दोन माणसांची उघडी मोटार असून तिला सायकलसारख्या तारांची उंच चाके आहेत. मागे पेट्रोलच्या टाकीला स्टेपनी उभी बांधलेली आहे आणि पुढच्या जाळीवर आठ कोनांचा बिल्ला आहे. पुढे-मागे बंपर दिसत नाहीत. मागील बाजूस आजोबांनी पेन्सिलीने ‘साहेबांची एम.जी.’ एवढेच लिहिले आहे. ही मोटार कोणती, केव्हाची, आणि तिचे एवढे कौतुक का होते? (एक वाचिका, रेल्वे लाइन्स, सोलापूर)

उत्तर : आपण छायाचित्राची प्रत सोबत पाठवली हे फार बरे केले, कारण केवळ वर्णनावरून ‘टी’ मालिकेतील मोटार एवढेच सांगता आले असते. या मालिकेतील पहिल्या तिन्ही मोटारी, म्हणजे टीए, टीबी आणि टीसी, लांबून एकसारख्याच दिसतात. भिंग घेऊन दाराखालचा फूटबोर्ड पाहावा. टीए आणि टीबी यांच्या फूटबोर्डवर पाय घसरू नये म्हणून तीन लांब पट्ट्या असत, तर टीसीवर दोन. युद्धानंतर आलेल्या टीसीची बसण्याची जागा सुमारे चार इंचांनी रुंद केली गेली आणि फूटबोर्ड तेवढा अरुंद झाल्याने तिसऱ्या पट्टीला जागाच उरली नाही. आपल्या छायाचित्रात पट्ट्या दोन आहेत. पुढची टीडी असती तर चाके बुटकी, पत्र्याची आणि बंपरसह दिसली असती. त्यामुळे ही टीसी आहे, आणि ती १९४५ ते १९४९ या काळात बनलेली आहे, असे निःशंकपणे म्हणता येते.

आता तिच्या कुळाविषयी. एम.जी. ही अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ या नावाची आहेत. विल्यम मॉरिस यांचा ऑक्सफर्ड येथे मोटारविक्रीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय होता. तेथे १९२२ मध्ये व्यवस्थापक झालेले सेसिल किंबर यांनी नेहमीच्या मॉरिस मोटारींवर वेगळी, देखणी बॉडी चढवून त्या विकण्यास सुरुवात केली. १९२८ च्या प्रदर्शनात त्यांनी ‘मिजेट’ मांडली. तिचा सांगाडा आणि ८४७ सीसीचे इंजिन मॉरिस मायनर या स्वस्त घरगुती मोटारीचेच होते. सर्वसामान्य पगारदारालाही परवडेल अशी वेगवान मोटार ही कल्पनाच तोवर फारशी कोणी गांभीर्याने घेतली नव्हती. मागणी इतकी वाढली की १९२९ मध्ये कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी, एका चामड्याच्या कारखान्याच्या इमारतीत हलवावा लागला, आणि पुढची एकावन्न वर्षे तो तिथेच राहिला.

माझ्या मते या मोटारीचे सगळे मर्म या आरंभातच आहे. एम.जी.मध्ये क्वचितच काही अपूर्व होते. इंजिन, गिअरबॉक्स, आस हे सारे घरगुती मोटारींच्या भांडारातून उचललेले असे. त्यांची जुळणी मात्र चालवणाऱ्याच्या हाताला आणि कानाला काय आवडते हे नेमके ओळखणाऱ्या माणसांनी केलेली असे. १९३५ मध्ये मॉरिस यांनी ही कंपनी आपल्या मोठ्या मोटार कंपनीत विलीन केली, शर्यतींचा विभाग बंद झाला आणि पुढच्या वर्षीच्या टीए मोटारीत शर्यतीच्या नाजूक इंजिनाऐवजी साधे, वुल्झली या दुसऱ्या मोटार कंपनीच्या कुळातील १२९२ सीसीचे इंजिन आले, तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. परंतु त्या साधेपणामुळेच ही मालिका टिकली. १९३९ मध्ये टीबीसाठी मॉरिस टेनच्या इंजिनावरून १२५० सीसीचे नवे इंजिन घेतले गेले. लगेच युद्ध सुरू झाले, टीबी मोजक्याच निघाल्या आणि तेच इंजिन १९४५ मध्ये टीसीत बसले.

त्या इंजिनाचा नळा, म्हणजे सिलिंडर, ६६.५ मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे अरुंद आणि लांब. याचे कारण ब्रिटनच्या करपद्धतीत होते. मोटारीवरचा वार्षिक कर नळ्याचा व्यास आणि नळ्यांची संख्या यांवरून ठरे. पिस्टन किती लांब धावतो, हे कर आकारणाऱ्यांच्या सूत्रात नव्हतेच. इंचांत मोजलेल्या व्यासाचा वर्ग करावा, नळ्यांच्या संख्येने गुणावे आणि अडीचने भागावे, की कराची ‘अश्वशक्ती’ निघे. टीसीच्या बाबतीत ती जेमतेम ११ येते, प्रत्यक्षात मात्र इंजिन सुमारे ५४ अश्वशक्ती देत असे. ब्रिटिश इंजिने दीर्घकाळ अरुंद नळ्यांची राहिली, त्यामागे अभियंत्यांच्या आवडीपेक्षा हा हिशेबच अधिक होता.

टीसी ही १९४५ मध्येसुद्धा जुनाट मोटार होती, हे तिच्या प्रेमात पडलेल्यांनीही मान्य करावे. पुढचा आस बैलगाडीसारखा अखंड, त्याला कमानीचे पाटे, आणि बॉडीचा पत्रा ॲश जातीच्या लाकडाच्या चौकटीवर ठोकलेला. या मोटारीत सुताराचे काम लोहाराच्या कामाइतकेच होते. गंमत अशी की इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी चालकासमोर असे आणि वेग दाखवणारी तबकडी शेजारच्या माणसासमोर. आपण किती वेगाने चाललो आहोत, हे चालवणाऱ्याच्या आधी भिणाऱ्याला कळत असे.

तरीही ती खपली, कारण युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनमध्ये पोलादाचा कोटा निर्यात करणाऱ्या कारखान्यांनाच सढळ मिळत होता आणि नवी मोटार आखण्यास सवड नव्हती. एकूण सुमारे दहा हजार टीसी बनल्या. त्यांपैकी अमेरिकेत अधिकृतपणे सुमारे दोन हजारच गेल्या, तरी तेथील तरुणांना शर्यतीची गोडी या मोटारीने लावली. १९६१ चा विश्वविजेता फिल हिल आपल्या आरंभीच्या शर्यतींत टीसीच चालवत होता. स्टिअरिंग मात्र प्रत्येक टीसीत उजवीकडेच राहिले. अमेरिकनांना ते गैरसोयीचे होते, आपल्याकडे डाव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्यांवर ते जागच्या जागी बसत होते. मुंबई बंदरात उतरलेली अशी एखादी मोटार गिरणीच्या साहेबाकडे सोलापूरला यावी, यात आश्चर्य नाही. साहेबापेक्षा तिची खरी ओळख आपल्या आजोबांसारख्या फिटरांनाच झाली असणार. किंबर यांना मात्र टीसी पाहायला मिळाली नाही. युद्धकाळात वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचे काम घेतल्यावरून त्यांना १९४१ मध्ये कंपनी सोडावी लागली होती आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

प्रश्न : हल्ली सोलापूरच्या रस्त्यांवरही एम.जी. नावाच्या मोठ्या गाड्या दिसतात. ती हीच कंपनी काय? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : बिल्ला तोच, घर मात्र अनेकदा बदललेले. ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. तो बंद करण्याचा निर्णय १० सप्टेंबर १९७९ रोजी, म्हणजे गावात कारखान्याच्या पन्नाशीचा उत्सव नुकताच आटोपलेला असताना जाहीर झाला. यापेक्षा करंटा मुहूर्त शोधूनही सापडला नसता. पुढे हे नाव रोव्हर या ब्रिटिश मोटार कंपनीबरोबर हस्तांतरित होत राहिले, मधली सहा वर्षे ते बीएमडब्ल्यूकडेही होते. २००५ मध्ये ब्रिटिश कंपनी बुडाल्यावर चीनमधील नानजिंगच्या मोटार कंपनीने ते विकत घेतले आणि त्या कंपनीसह ते शांघायच्या सैक समूहाकडे आले. आपण पाहता त्या गाड्या गुजरातेतील हालोल येथे बनतात. जुन्या मोटारींशी त्यांचे नाते अष्टकोनापुरतेच आहे, आणि तसे म्हणण्यात नव्या गाड्यांचा काही अपमान नाही.

प्रश्न : आमच्या अड्ड्यावर जुने चालक सांगत, की ॲम्बेसेडरचे इंजिन विलायतेत शर्यतीच्या गाडीला लावत असत. ही थाप की खरे? (निवृत्त टॅक्सीचालक, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : पूर्ण खरे नाही, पण थापही नाही. ॲम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. आरंभीचे तिचे जुन्या पद्धतीचे इंजिन लवकरच जाऊन त्या जागी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील १४८९ सीसीचे इंजिन आले. याच मालिकेचे, याच मापाचे इंजिन १९५५ च्या एमजीए मोटारीत होते. दोन्हींत पिस्टनची धाव साडेतीन इंच आणि नळा २.८७५ इंच. फरक होता तो वरच्या सामानात. एमजीएला एस.यू. कंपनीचे दोन कार्बोरेटर होते, नळ्यांतला दाब अधिक होता, आणि श्वास घेण्याची वाट मोकळी होती. एकच गवई देवळात भजन म्हणतो आणि मैफलीत ख्याल गातो, तसा हा प्रकार समजावा.

एमजीएची कथा थोडी सांगण्यासारखी आहे. १९५१ मध्ये कारखान्यातील अभियंते सिड एनिव्हर यांनी फ्रान्समधील ल मान्सच्या शर्यतीसाठी टीडीच्या सांगाड्यावर वाऱ्याला न अडणारी, गुळगुळीत बॉडी बांधली. मोटार धावली, पण सांगाड्याच्या दोन्ही दांड्या अरुंद असल्याने चालकाला त्यांच्यावर बसावे लागे आणि त्याचे धड वाऱ्यात उभे राही. एनिव्हर यांनी दांड्या बाजूंना फाकवून चालकाला त्यांच्या मध्ये खाली बसवले आणि नवी मोटार जवळजवळ तयार झाली. परंतु १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन यांचे विलीनीकरण झाले होते. नव्या कंपनीचे, म्हणजेच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, प्रमुख लिओनर्ड लॉर्ड यांनी नुकताच डोनाल्ड हिली या दुसऱ्या मोटार-रचनाकाराच्या मोटारीला होकार दिला असल्याने ॲबिंग्डनचा प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. मध्ये टीएफ नावाची डागडुजी केलेली मोटार काढून वेळ मारून न्यावी लागली आणि एमजीए १९५५ मध्ये आली. तिचा खप एक लाखावर गेला, तेव्हा थांबवणाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करावी.

तिच्यानंतर १९६२ मध्ये एमजीबी आली. तिला वेगळा सांगाडा नव्हता, बॉडीच भार पेलत असे. इंजिन त्याच कुळातले, धाव तीच साडेतीन इंचांची, नळा तेवढा रुंद करून १७९८ सीसी केलेले. अठरा वर्षांत ती पाच लाखांहून अधिक बनली. शेवटी मात्र तिची आबाळ झाली. अमेरिकेतील सुरक्षेच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस तिला काळे रबरी बंपर बसवले आणि दिवे आणि बंपर यांची उंची नियमात बसावी म्हणून सगळी मोटारच दीड इंचाने उचलली. वळणावर घट्ट बसणारी मोटार त्यामुळे एका बाजूला झुकू लागली. कारखाना बंद करणाऱ्यांनी पौंड महागल्याने निर्यात तोट्यात गेल्याचे कारण दिले. ते खोटे नव्हते, परंतु अठरा वर्षांत नवी मोटार काढायला पैसे न देणारेही तेच होते.

प्रश्न : माझे अक्कलकोट रोडला गॅरेज आहे. एका ग्राहकाने एम.जी. टीसी दुरुस्तीला आणली आहे. इंजिनाच्या बोल्टांना १३ नंबरचा पाना लागत नाही, १४ चा फिरतो. जुन्या इंची पान्यांपैकी एक बरोबर बसला, म्हणून त्या मापाचा इंची बोल्ट आणला तर आट्यांत दोन वेढे जाऊन अडकला. बोल्ट कोणीतरी बदललेले आहेत का? (एक मेकॅनिक, सोलापूर)

उत्तर : अडकल्यावर आपण जोर लावला नाही, हे उत्तम केले. बोल्ट बदललेले नाहीत. ते अस्सल आहेत, म्हणूनच त्रास देत आहेत. या इंजिनाच्या बोल्टांचे डोके व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आणि आटे फ्रेंच मेट्रिक मापाचे असतात.

हा विचित्र संसार कसा जमला, ते ऐकण्यासारखे आहे. हॉचकिस ही शस्त्रे बनवणारी फ्रेंच कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे मशीनगनचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर बंदुकांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा तिने मॉरिस यांच्यासाठी इंजिने बनवण्याचे काम घेतले आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला. आतली यंत्रे फ्रेंच असल्याने आटे मेट्रिकच पडत होते आणि सगळी यंत्रसामग्री बदलणे परवडणारे नव्हते. उलट इंग्लंडभरच्या गॅरेजांत पाने मात्र व्हिटवर्थचे. मग डोकी गॅरेजवाल्यांच्या सोयीची आणि आटे यंत्रांच्या सोयीचे, अशी तडजोड झाली आणि ती तीस वर्षे चालली. गिरणीत काम केलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. यंत्र बदलण्यापेक्षा माणसाने यंत्राप्रमाणे वागावे, असाच बहुतेक कारखान्यांचा रिवाज असतो.

आता व्यवहाराचे. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे पाव इंची लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर भरते. आपला १३ चा पाना का लागला नाही आणि १४ चा का फिरला, याचे उत्तर यात आहे. आट्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. हार्डवेअरच्या दुकानात ८ मिलिमीटरचा म्हणून जो बोल्ट मिळतो त्याच्या दोन आट्यांतील अंतर सव्वा मिलिमीटर असते, तर या इंजिनातील ८ मिलिमीटरच्या बोल्टचे अंतर एक मिलिमीटर आहे. जाडी जुळल्याने बोल्ट हातात बरोबर वाटतो, दोन वेढे सहज जातो, आणि नंतर पान्याचा जोर लावला की बिडाच्या ब्लॉकमधले आटे कापून बाहेर येतात. आट्यांतील अंतर मोजणारा पिच गेज जवळ ठेवावा. तो नसेल तर जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरावेत, मध्ये फट दिसली की नवा बोल्ट परत करावा. एक मिलिमीटर अंतराचा बोल्ट बाजारात न मिळाल्यास चांगल्या प्रतीच्या पोलादाचा बोल्ट घेऊन लेथवर आटे पाडून घेता येतात. मात्र कनेक्टिंग रॉडसारख्या जोराच्या ठिकाणी हा उपाय करू नये, तेथे या इंजिनासाठी बनवलेलाच बोल्ट मागवावा.

हे नियम फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सपुरते आहेत, कारण मोटारीच्या उरलेल्या भागात इंची मापांचे राज्य आहे. काढलेले बोल्ट एकाच डब्यात टाकण्याची सवय असेल, तर या मोटारीपुरती ती मोडावी.

प्रश्न : आमच्याकडे वडिलोपार्जित टीसी आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ती निमूट चालते, एप्रिल लागला की सिग्नलला थांबल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. बंद पडताना बोनेटमधून टकटक असा आवाज येत राहतो. (एक वाचक, होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : आपण आवाज लिहून पाठवला, त्यामुळे निदान सोपे झाले. हा एस.यू. कंपनीच्या विजेच्या पेट्रोल पंपाचा आवाज आहे. किल्ली फिरवल्यावर तो भरभर टकटकतो, कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो, आणि मग इंजिन पेट्रोल पिईल तसा अधूनमधून एखादा ठोका देतो. तो सतत टकटकत असेल तर त्याच्या तोंडी पेट्रोल येत नसून हवा किंवा वाफ येत आहे.

टीसीत हा पंप इंजिनामागच्या पडद्यावर, नेमका तापणाऱ्या जागी बसवलेला आहे आणि टाकी आहे पार मागे. म्हणजे पंपाला पेट्रोल लांबच्या नळीतून ओढून घ्यावे लागते. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळते. इंग्लंडच्या हवेत हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. सोलापुरात चाळीस अंश पार झाल्यावर, गाडी उभी असताना बोनेटखाली जी भट्टी होते, तीत नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप रिकामा ठोके देत राहतो. गार झाल्यावर गाडी आपोआप चालते ती यामुळेच. टीएफ मोटारीत पंप मागे, टाकीच्या जवळ नेण्यात आला. आपणही तसा दुसरा पंप मागे बसवू शकता. मूळचा पंप जागेवर राहू द्यावा, म्हणजे मोटारीचे रूप बिघडत नाही. नळी एक्झॉस्टपासून दूर घ्यावी आणि तिच्यावर उष्णता अडवणारे वेष्टण चढवावे.

वाफेखेरीज दुसरी शक्यताही तपासावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यात आपल्याच जिल्ह्यातील उसाचा वाटा असल्याने सोलापूरकराने तक्रार तरी कोणाकडे करावी! जुन्या जातीचे रबर आणि बुचाची पॅकिंग इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, तसेच टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून गाळणीत येतो. नळीला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, ओढताना हवा आत येते, आणि लक्षण हेच दिसते. म्हणून पंप हलवण्यापूर्वी टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळीने बदलावेत, गाळणी धुवावी, आणि भर दुपारी गाडी दहा मिनिटे जागेवर सुरू ठेवून पाहावी. टकटक थांबली तर दुसऱ्या पंपाचा खर्च वाचला.